नोकरी सांभाळून एमबीए: इग्नूची पदवी मुलाखतीत धरतात का?

मदत हवी आहे. मी बी.ई. मेकॅनिकल, चाकणच्या एका कंपनीत ४ वर्षं डिस्पॅचला आहे. गाड्या लावणं, ई-वे बिल, ट्रान्सपोर्टरशी रोजची हुज्जत, हे काम येतं आणि मनापासून आवडतं. पुढे सप्लाय चेनमध्ये मॅनेजर व्हायचंय, पण त्या जागांच्या जाहिरातीत बहुतेक ठिकाणी एमबीए मागतात.

सीईटी दिली, ९१ पर्सेंटाइल; जमनालाल बजाज किंवा पुम्बा (मुंबई आणि पुणे विद्यापीठांच्या एमबीए संस्था) काही हाती लागणार नाही. खासगी कॉलेजची फी म्हणजे कर्ज, आणि पूर्णवेळ म्हणजे नोकरी सोडणं. घराचा हप्ता माझ्या पगारावर चालतो, त्यामुळे हे दोन्ही बाद.

इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या एमबीएत ऑपरेशन्स हा विषय घेता येतो. मान्यतेबद्दल शंका नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. अडचण कागदावर नाही, भरती करणाऱ्यांच्या मनात असते. आमच्या एचआरला विचारलं तर ‘बघू’ एवढंच उत्तर आलं.

म्हणून प्लॅनिंग-परचेससाठी माणसं निवडणाऱ्यांना विचारते: माझ्यासारखा अनुभव असेल तर शॉर्टलिस्ट करताना तुम्ही इग्नूची पदवी खरंच धरता, की त्याआधी सॅप एमएम (खरेदी आणि मालसाठ्याचं सॉफ्टवेअर) शिकून प्लॅनिंगमध्ये बदली मागणं जास्त उपयोगाचं?