कार्बन फायबरचं भंगार: पुरायचं की भट्टीत घालायचं?

सुरसागर: वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या माहितीच्या एका शेडमधून कार्बन फायबरचं कटिंग पोती भरून निघतं आणि थेट पुरलं जातं. नवा तंतू बनवायला किलोमागे साधारण 200 ते 280 मेगाज्यूल ऊर्जा जाते. त्यासाठी पीएएनचा (पॉलिअॅक्रिलोनायट्राइल या प्लास्टिकचा) धागा हजार अंशांच्या वर तापवावा लागतो, त्यातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायूही निघतो. उलट पायरोलिसिसमध्ये, म्हणजे भंगार भट्टीत जवळजवळ हवेविना तापवताना, 450 ते 700 अंशांवर तंतूंना धरून ठेवणारं रेझिन उडवून तंतू मोकळा होतो, ऊर्जा दहाव्या हिश्श्याच्या आसपास. पुरण्यावर बंदीच हवी!

आजवारोड: दादा, हिशेब अर्धाच मांडलात. भट्टीतून निघतो तो तुकडा-तंतू. सलग धागा गेला, म्हणजे विमानाच्या पंखात तो परत जात नाही. जिथे काचतंतू चालला असता तिथेच बहुधा वापरतात, आणि काचतंतूला किलोमागे 30 मेगाज्यूलच्या आसपासच लागतात. मग वाचले ते 30, 280 नव्हे. शिवाय इपॉक्सी, म्हणजे ते रेझिन, जमिनीत वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. भट्टीत तिचा कार्बन हवेत जातो.

सुरसागर: किलोला किलो कशाला मोजता? कार्बनचा ताठपणा काचेच्या तिप्पट, त्यामुळे तेवढ्याच कामाला माल कमी लागतो. गाडीचा भाग हलका झाला की तिच्या आयुष्यभराचं इंधन वाचतं.

आजवारोड: गाडीत गेला तर. जागेवरच उभ्या असलेल्या मशीनच्या कव्हरात गेला तर हलकेपणाचा उपयोग काय?

कारेलीबागची प्राजक्ता: तुम्ही दोघं भट्टीतच अडकलात. सॉल्व्होलिसिसमध्ये, म्हणजे द्रावकानं रेझिन तोडून सोडवताना, तंतू जास्त चांगला राहतो, रेझिनमधली रसायनंही परत मिळू शकतात. पण द्रावक आणि सांडपाण्याचं काय? वडोदऱ्याच्या कारखान्यांचं पाणी सांडपाण्याच्या चॅनलमधून खंभातच्या आखाताकडे जातं. तिकडे राहणाऱ्यांच्या माथी आणखी एक रसायन मारून आपण "ग्रीन" म्हणवून घ्यायचं? मला हे पटत नाही.

सुरसागर: ताई, द्रावक गाळून पुन्हा वापरता येतो. पाण्याला घाबरून पुरतच बसायचं का?

कारेलीबागची प्राजक्ता: पुन्हा वापरायचा तर गाळायची ऊर्जाही धरा. ती वीज कोळशाची असेल तर तुमचा दहावा हिस्सा टिकेल का, तेही दाखवा.

आजवारोड: माझी मागणी एवढीच: परवाना देताना रिसायकलरनं कुठल्या मालाच्या जागी काय विकलं, हे लिहून द्यावं. आणि त्याआधी शेडवाल्यांनी कार्बन फायबरचं कापड कापण्याची आखणी नीट करावी. कटिंगच कमी निघालं तर अर्धं भांडण मिटेल.

सुरसागर: आखणी मान्य. बंदीचा आग्रह मात्र सोडणार नाही.