छायाचित्रांची किंमत कशी ठरवावी?

प्रश्न: कास पठारावरील फुलांची माझी छायाचित्रे एका हॉटेलमालकांना भिंतीवर लावण्यासाठी हवी आहेत. १२ बाय १८ इंचांच्या प्रिंटचा दर सांगताना काय काय धरावे?

उत्तर: छपाई, फ्रेम व प्रवासखर्च निघून आपल्या श्रमांचे मोल वेगळे उरले पाहिजे. ३०० डीपीआयने (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) छापण्यासाठी ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, तेव्हा क्रॉप केलेल्या (कडा कापून लहान केलेल्या) फाइल आधी तपासा.

उत्तर: प्रिंट विकल्याने हक्क विकले जात नाहीत. मात्र १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसल्यास, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार ग्राहकच ठरतो. म्हणून पुढील कामांत वापर कुठे आणि किती काळ, हे लेखी ठरवाच.

उत्तर: सहमत. ‘नाव छापू’ एवढ्यावर छायाचित्रे फुकट मात्र देऊ नका.