मुलं मोठी होईपर्यंत थांबायचं कशाला?

‘मुलं जरा मोठी झाली की मग लोकांसाठी काहीतरी करू,’ असं तुम्ही म्हणता. आम्हीही तेच म्हणायचो. थोरला पाचचा, धाकटी दोनची. आंघोळी, कपडे आणि हरवलेला मोजा यातच सकाळ संपते. (दोन्ही मोजे एकदम कधीच का हरवत नाहीत, देव जाणे.)

शेजारच्या आजींना गुडघ्यांमुळे वाकवत नाही. दारात पडलेलं वर्तमानपत्र थोरला रोज त्यांना आत नेऊन देतो. मागोमाग धाकटी त्यांच्या चष्म्याचं घर दोन्ही हातांत धरून, पाण्याने काठोकाठ भरलेलं भांडं न्यावं तशी. दोन मिनिटांच्या कामाला वीस लागतात. चिडचिड होते, खोटं कशाला बोलू!

पण ही हौस मुलांत मुळातच असते. वार्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं, की १८ महिन्यांची मुलंही अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू आपणहून उचलून देतात. २००८ मध्ये त्यांनाच असंही दिसलं, की मदतीबद्दल बक्षीस मिळालेली मुलं पुढे कमी मदत करतात. ते वाचून आम्ही भिंतीवरचा चांदण्या चिकटवायचा तक्ता काढून टाकला.

मोठे उपक्रम मात्र आम्हाला झेपले नाहीत. एकदा दोघांनाही घेऊन गेलो, अर्ध्या तासात रडारड, परत.

परवा थोरल्याला ताप होता. दहाच्या सुमारास आजी काठी टेकत दारात: “आमचा पेपरवाला आज रजेवर का?”