मदत हवी आहे : भुवया, नाकाच्या कडा आणि दाढीतला कोंडा (सेबोरिक डर्मटायटिस) रोजच्या रोज कसा सांभाळावा?

नमस्कार.

मी पुण्यात माध्यमिक शाळेत गणित शिकवतो, वय ३७. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आठवीच्या वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलीने उठून ‘सर, तुमच्या भुवयांना खडू लागलाय’ असे सांगितले. मी रुमालाने भुवया पुसल्या, तर रुमालावर खडूची पूड नव्हती. पिवळसर आणि बोटांत चोळल्यावर किंचित चिकट लागणारे पापुद्रे होते. त्या तासाला मी फळ्याला हातही लावलेला नव्हता. डोक्यात कोंडा विशीपासूनच होता आणि त्याचे कधी काही वाटले नव्हते. पण त्यानंतरच्या हिवाळ्यात नाकपुड्यांपासून ओठांकडे उतरणाऱ्या घड्या, कानांमागची खाच, दाढीची हनुवटीकडची बाजू असे एकेक ठिकाण धरत तो खाली आला.

या विकारात त्वचा लाल होते, असे सगळीकडे लिहिलेले आढळते. माझ्या सावळ्या चेहऱ्यावर लाली फारशी दिसलीच नाही. उलट तेवढी त्वचा भोवतालच्या त्वचेपेक्षा फिकट पडली. चिपळूणला घरी गेलो, तेव्हा आईने खिडकीच्या उजेडात माझी हनुवटी धरून चेहरा दोन्ही बाजूंनी न्याहाळला आणि जो शब्द तिला उच्चारायचा नव्हता तो अखेर उच्चारला : कोड. काकूंचे म्हणणे पडले की कोड नाही, ही शिबं आहेत. काकूंचा अंदाज चुकलाच, पण फार लांबून चुकला नाही, हे मला नंतर कळले.

डॉक्टरांकडे वेळेवर गेलो नाही ही माझी पहिली चूक, आणि दुसरी तिच्याहून मोठी. औषधाच्या दुकानात ‘बुरशीवर काहीतरी द्या’ असे सांगून जी ट्यूब आणली, तिने तीन दिवसांत चेहरा लख्ख केला. लावणे थांबवले की आठवड्याभरात पापुद्रे परत येत आणि पुन्हा लावली की पुन्हा चेहरा स्वच्छ होई, असे ऑगस्टपासून जवळजवळ सात महिने चालले. फेब्रुवारीत ती बंद केल्यावर मात्र नुसते पापुद्रे आले नाहीत. दोन्ही गाल चुलीसमोर बसल्यासारखे भाजू लागले आणि नाकाच्या कडेला बारीक लाल शिरा दिसू लागल्या. तेव्हा कुठे ट्यूबवरची बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचली : क्लोबेटासॉल, निओमायसिन, मायकोनॅझोल. यांतले शेवटचे बुरशीवरचे आहे, मधले जिवाणूंवरचे आहे आणि पहिले अतिशय तीव्र स्टेरॉइड आहे, जे चेहऱ्यासारख्या नाजूक जागी महिनोन्महिने लावले तर त्वचा पातळ करते आणि बंद करताच मूळ दुखणे जोमाने उलटते. अशी बरीच स्टेरॉइड मलमे २०१८ मध्ये ‘अनुसूची एच’मध्ये घातली गेली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. मला कोणी चिठ्ठी विचारली नाही आणि मीही काही विचारले नाही.

मार्चमध्ये त्वचारोगतज्ज्ञांना दाखवले. त्यांनी नाकाकडेच्या घड्या, कानांमागची जागा, टाळू आणि छाती पाहून निदान केले आणि सोरायसिस किंवा नायटा नसल्याची खात्री करून घेतली. डोक्यासाठी किटोकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाचा २ टक्क्यांचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, चेहऱ्यासाठी त्याच औषधाचे २ टक्क्यांचे मलम दिवसातून दोनदा, आणि स्टेरॉइडची सवय सुटावी म्हणून रात्री टॅक्रोलिमस या स्टेरॉइड नसलेल्या औषधाचे ०.०३ टक्क्यांचे मलम, असा उपचार सुरू झाला. टॅक्रोलिमसने पहिले चार-पाच दिवस चेहरा मिरचीचा हात लागल्यासारखा चुणचुणला, मग ते थांबले. आज आठ आठवड्यांनी चेहरा बराच शांत आहे, फिकट डाग भरून येत आहेत, आणि चेहऱ्याचे किटोकोनॅझोल थांबवण्यास सांगितले आहे.

हा विकार कायमचा जात नाही, तो सांभाळावा लागतो, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. मात्र सांभाळायचे म्हणजे रोज सकाळी बेसिनसमोर उभे राहून नेमके काय करायचे, हे विचारायचे राहून गेले आणि पुढची तारीख दीड महिन्याने आहे. त्यामुळे इथल्या अनुभवी मंडळींना विचारतो आहे.

माझी समज अशी आहे, चुकत असल्यास दुरुस्त करावी : मॅलॅसेझिया नावाची यीस्ट (एकपेशी बुरशी) जवळजवळ प्रत्येकाच्या त्वचेवर असते. ती त्वचेतल्या तेलावर जगते, ते तेल फोडताना ओलेइक आम्ल मागे टाकते, आणि काहींच्या त्वचेला ते सोसत नाही. शिबंही याच यीस्टमुळे येतात (काकूंचा नेम असा थोडक्यात हुकला). म्हणजे हा विकार अस्वच्छतेने होत नाही आणि टॉवेल वापरल्याने दुसऱ्याला लागतही नाही. हे एवढे समजल्यावर घरातले निम्मे ताण संपले.

अडचण पुढेच आहे. चेहरा कोरडा पडतो म्हणून काही लावावे, तर ते यीस्टचे खाद्य ठरेल अशी भीती वाटते. न लावावे, तर दुपारपर्यंत गाल ताणले जातात. बाजारातल्या प्रत्येक मॉइश्चरायझरवर कुठले ना कुठले तेल किंवा बटर असतेच. नेमके काय टाळावे? शाम्पूचा फेस भुवयांना आणि दाढीला लावला तर चालतो का, आणि चेहरा शांत झाल्यावर शाम्पू किती दिवसांनी वापरावा? दाढी ठेवावी की काढावी? मैदानावर उभे राहावे लागते, त्यामुळे सनस्क्रीन हवे आहे. पण आजवर आणलेली दोन्ही सनस्क्रीन भुवयांत अशी साचली की मुलांना पुन्हा खडूच दिसावा.

शेवटचा प्रश्न थोडा घरगुती आहे. आमच्याकडे घरच्या नारळांचे तेल निघते आणि ते डोक्याला न लावणे हा आईच्या लेखी जवळजवळ अपमान असतो. गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीला तिने कोमट तेलाने डोक्यापासून मानेपर्यंत चोळून अभ्यंग घातले आणि भाऊबीजेला ओवाळून घेताना माझ्या भुवया पांढऱ्या होत्या. हा योगायोग होता की तेलाचाच परिणाम?

प्रतिसाद १

मी औषधनिर्माणशास्त्र शिकलो आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे औषधांच्या मात्रेत बदल करायचा असेल तर तो तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

तुमची समज बरोबर आहे. या यीस्टच्या मॅलॅसेझिया ग्लोबोसा या जातीचा जनुकसंच २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा दिसले की स्वतःची मेदाम्ले (तेलातले मूळ घटक) तयार करण्याची यंत्रणाच तिच्याकडे नाही. जे हवे ते ती आपल्या त्वचेवरून उचलते, आणि साधारण ११ ते २४ कार्बनांची साखळी असलेली मेदाम्ले तिला चालतात. खोबरेल तेलातला जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो आणि त्यात १२ कार्बन असतात. ऑलिव्ह तेलात तर मुख्यतः ओलेइक आम्लच असते, म्हणजे ज्याने त्वचा चिडते तेच आपण वरून चोळायचे. तुमच्या एका दिवाळीवरून मी निष्कर्ष काढणार नाही, पण कोमट तेल तासभर डोक्यावर मुरवणे तुमच्या टाळूला मानवण्याची शक्यता कमीच. लिक्विड पॅराफिन खनिज तेल आहे, त्यात मेदाम्ले नसतात, त्यामुळे यीस्टला त्याचा उपयोग नाही. पेट्रोलियम जेली, स्क्वालेन, ग्लिसरीन, हायल्युरॉनिक आम्ल आणि डायमेथिकोन यांचीही तीच गोष्ट.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण या विषयावर वाचत बसणारी माणसे हळूहळू घरातली प्रत्येक बाटली संशयाने पाहू लागतात. काचेच्या बशीत यीस्ट एखाद्या घटकावर वाढली, म्हणजे तो घटक असलेले प्रत्येक क्रीम चेहरा बिघडवेलच असे नाही. वेष्टनावर घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या पाच-सहांत खोबरेल, ऑलिव्ह किंवा शिया बटर नसेल आणि दोन आठवड्यांत त्रास वाढला नसेल, तर ते क्रीम खुशाल वापरा. पातळ, सुगंधविरहित, जेलसारखे मॉइश्चरायझर ओलसर चेहऱ्यावर लावले तर थोडे पुरते. साबण मात्र चेहऱ्यापुरता सोडाच. नेहमीच्या साबणाचा सामू ९ ते १० च्या आसपास असतो आणि त्वचेचा ५ च्या जवळपास, त्यामुळे आधीच चिडलेल्या चेहऱ्याला त्याने अधिक कोरडेपणा येतो. साबणविरहित सौम्य फेसवॉश सकाळ-संध्याकाळ पुरे.

शाम्पूच्या बाबतीत लोक घाई करतात. फेस केला आणि लगेच धुतला तर औषध वाहून जाते. तो तीन ते पाच मिनिटे टाळूवर राहिला पाहिजे. उपचाराचा टप्पा संपल्यावर आठवड्यातून एकदा किंवा दोन आठवड्यांतून एकदा तो वापरत राहण्याची पद्धत आहे. चेहरा शांत झाला म्हणून पूर्ण बंद करणे, हीच बहुतेकांची चूक असते. फेस भुवयांना आणि दाढीला लावण्याचा सल्ला अनेक डॉक्टर देतात; डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि सध्या टॅक्रोलिमस लावत असल्याने त्या त्वचेवर चालेल का, हे एकदा फोन करून विचारा. टॅक्रोलिमस चालू असताना कडक ऊन टाळायला सांगतात, त्यामुळे मैदानावर टोपी घालाच.

कोणी किटोकोनॅझोलच्या गोळ्या सुचवल्या तर मनाने घेऊ नका. यकृताला इजा होण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेत २०१३ मध्ये त्यांच्या वापरावर कडक मर्यादा घातल्या गेल्या. शाम्पू आणि मलम ही वेगळी गोष्ट आहे.

प्रतिसाद २

मी नागपूरची, अकरा वर्षांची जुनी रुग्ण. आमच्याकडे डिसेंबरची कोरडी थंडी पडली की माझ्या कानांमागे पहिली भेग पडते, त्यामुळे ऋतूप्रमाणे वेळापत्रक बदलायचे हे मी शिकले आहे : उन्हाळ्यात शाम्पू पंधरा दिवसांनी, दिवाळीपासून होळीपर्यंत दर रविवारी.

टाळूवर जाड खपली असेल तर ती कंगव्याने किंवा नखांनी उकरू नका. मी रात्री कापसाच्या बोळ्याने त्या जागेपुरते लिक्विड पॅराफिन लावते, सकाळी खपली मऊ होऊन शाम्पूबरोबर निघते. किटोकोनॅझोलचा परिणाम मंदावल्यासारखे वाटले तेव्हा डॉक्टरांनी काही काळ सेलेनियम सल्फाइडचा शाम्पू दिला होता; तो उत्तम चालला, पण बोटातली चांदीची अंगठी काळी पडली. धुण्याआधी दागिने काढून ठेवावेत.

सनस्क्रीनचे तुमचे दुःख मला पूर्ण कळते. झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन चिडलेल्या त्वचेला कमी झोंबते, पण सावळ्या रंगावर त्याचा पांढरा थर बसतो आणि कोंडा लपवायला निघालेला माणूस नवा कोंडा लावून बाहेर पडतो. मी त्वचेच्या रंगाची छटा असलेले, झिंकचेच पातळ सनस्क्रीन वापरते, आणि भुवयांवरून बोट न फिरवता त्यांच्या कडेने लावते. दाढीचा अनुभव माझा नाही, भावाचा आहे : त्याने चार महिन्यांची दाढी उतरवली आणि खालची त्वचा महिन्यात शांत झाली. केसांच्या मुळाशी तेल आणि पापुद्रे अडकतात आणि मलम त्वचेपर्यंत पोहोचतच नाही, असे त्याला सांगितले होते. ठेवायचीच असेल तर अगदी बारीक कातरलेली ठेवा.

आणखी एक. माझा त्रास जागरणाने हमखास वाढतो. तुमचा परीक्षांच्या पेपर तपासणीच्या दिवसांत वाढतो का, हे पाहून ठेवा.

प्रतिसाद ३

एवढी औषधे कशाला? लिंबाचा रस आणि दही लावून अर्धा तास ठेवावे, कोंडा जातो.

प्रतिसाद १ च्या सदस्याचे उत्तर

साध्या कोंड्यावर कोणाला बरे वाटलेही असेल, पण सात महिने स्टेरॉइड लावून पातळ झालेल्या चेहऱ्यावर लिंबू लावणे म्हणजे खरचटल्यावर लिंबू पिळण्यासारखेच आहे. शिवाय लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचेवर चट्टे उठून पुढे काळे डाग राहू शकतात, आणि धागाकर्त्यांना मैदानावर उभे राहायचे आहे. कृपया चेहऱ्यावर हे करू नये.

धागाकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. दवाखान्यात फोन करून विचारले : शाम्पूचा फेस दाढी आणि भुवयांना आठवड्यातून एकदा, तीन मिनिटे, चालेल, मात्र त्या रात्री टॅक्रोलिमस लावायचे नाही. टॅक्रोलिमस आता रोज न लावता आठवड्यातून दोनच रात्री लावायचे, असेही त्यांनी सांगितले. दाढी काल उतरवली. हनुवटीखाली रुपयाएवढा एक चट्टा अजून खवल्यांचा निघाला, जो दाढीमुळे मला दिसतच नव्हता, म्हणजे ‘बराच शांत’ हे माझे वर लिहिलेले मत थोडे घाईचे होते.

पेपर तपासणीचा प्रश्न वाचून गेल्या वर्षीची छायाचित्रे काढून पाहिली. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबरचा शेवट, दोन्ही वेळी भुवया पांढऱ्या आहेत. ऑक्टोबरचा शेवट म्हणजे दिवाळीही तेव्हाच होती आणि सहामाहीचे गठ्ठेही तेव्हाच, त्यामुळे सगळा दोष तेलाच्या माथी मारणे मी आता थांबवले आहे. तरी येत्या दिवाळीला अभ्यंग मानेखाली खोबरेलाने आणि डोक्याला नुसती लिक्विड पॅराफिनची बोटे, असा बेत आहे. हे पॅराफिन म्हणजे दिव्यात घालायचे रॉकेल नव्हे, हे आईला फोनवर पटवून देणे तेवढे बाकी आहे.