आईच्या जुन्या लॅपटॉपला आधी रॅम टाकू की एसएसडी?

रामबाग_इंदूर

नमस्कार मंडळी. लॅपटॉप आईचा आहे, २०१५ मध्ये घेतलेला. ती त्यावर रोज संध्याकाळी झूमवर गीतेची संथा घेते, शिकणाऱ्या बायका कोणी इथल्याच सुदामा नगरच्या, कोणी पुण्याच्या, कोणी बडोद्याच्या. चालू केला की चहा करून पिऊन झाला तरी हा आपला घुरघुरतच असतो, आणि मग झूम लावून बाजूला पीडीएफ उघडली की आवाज तुटायला लागतो, बायका सांगतात काकू अर्धा श्लोक ऐकूच आला नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसते आणि मेमरी ९० च्या आसपास. प्रोसेसर आय-थ्री ४००५यू, रॅम ४ जीबी, हार्ड डिस्क ५०० जीबी, विंडोज १०. घराजवळच्या दुकानात दाखवला तर तो म्हणाला यात काही दम नाही नवीनच घ्या, नाहीतर माझ्याकडे ८ जीबीची डीडीआर-फोर रॅम पडलीय ती टाकून देतो. आईला नवीन नकोय, हाच कीबोर्ड हाताला बसलाय म्हणते. बजेट पाच-सहा हजार. रॅम (चालू कामाची मेमरी) टाकू की एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, तबकडी नसलेली चिपवाली डिस्क), आणि त्याने सांगितलेली रॅम चालेल का?

माळवा_टेक

ती डीडीआर-फोर घेऊ नका, ती बसणारच नाही. ४००५यू चौथ्या जनरेशनचा प्रोसेसर आहे, त्याला डीडीआर-थ्री-एल लागते. लॅपटॉपच्या डीडीआर-थ्रीला २०४ पिना असतात, डीडीआर-फोरला २६०, आणि मधली खाचही वेगळ्या जागी, त्यामुळे जोर लावला तर स्लॉटच तुटेल. दुसरं म्हणजे शेवटच्या त्या 'एल'कडे नीट बघा. साधी डीडीआर-थ्री १.५ व्होल्टवर चालते आणि एलवाली १.३५ वर. तुमच्या प्रोसेसरला १.३५ वालीच हवी, साधी टाकली तर स्क्रीन काळी राहते आणि माणसाला वाटतं बोर्ड गेला. जुनी रॅम काढून तिच्यावरचं स्टिकर वाचा, त्यावर पीसी३एल-१२८००एस असं काहीतरी छापलेलं असेल, त्याचा फोटो काढून तोच दुकानदाराला दाखवा. १२८०० म्हणजे १६०० मेगाहर्ट्झवाली.

आता आधी काय टाकायचं ते. तुम्हाला डिस्क १०० टक्के दिसतेय पण त्यात अर्धा हात रॅमचा आहे हे लक्षात घ्या. ४ जीबीतली थोडी तर ग्राफिक्सच घेऊन जातं कारण यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, मग विंडोज, अँटिव्हायरस, क्रोम, झूम एवढे सगळे एकत्र आले की रॅम भरते आणि विंडोज त्यातला काही माल हार्ड डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये टाकतं, परत लागला की तिथून उचलतं. हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद, आणि हेडला (तबकडी वाचणाऱ्या टोकाला) जागेवर जायला लागतो तो वेळ वेगळा. एसएसडीला हेच काम करायला ०.१ मिलिसेकंदच्या आसपास लागतं. हजारो छोट्या छोट्या फाइली उचलायच्या असतात तिथे हा फरक जाणवतो, आणि लॅपटॉप चालू होताना नेमकं तेच चाललेलं असतं. म्हणून पैसे एकाच गोष्टीचे असतील तर माझं मत एसएसडी, रॅम नंतर. पण रोजचं झूम आहे तर दोन्ही करा, नुसत्या एसएसडीने चालू पटकन होईल पण ४ जीबीत झूम, क्रोम आणि पीडीएफ एकत्र ओढाताण करणारच.

सुदामानगर_दादा

एसएसडी घ्यायचीच तर सरळ एनव्हीएमई प्रकारची घ्या ना, साटापेक्षा (हार्ड डिस्कच्याच जोडणीवर चालणाऱ्या एसएसडीपेक्षा) कितीतरी फास्ट असते आणि किंमतीतही फार फरक नसतो.

माळवा_टेक

दादा, या लॅपटॉपला नाही चालणार. त्या काळातल्या साध्या लॅपटॉपला एनव्हीएमईचा स्लॉटच नसतो, आणि एखाद्यात एम-डॉट-टू स्लॉट (पट्टीसारख्या एसएसडीची खाच) असला तरी तो बहुतेक साटाचा निघतो, वर बायोसला (लॅपटॉप सुरू करणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्रॅमला) एनव्हीएमईवरून विंडोज चालू करता येत नाही. यात अडीच इंची साटा एसएसडीच घ्यायची, ७ मिलिमीटर जाडीची. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटरची असेल तर एसएसडी जागेत थोडी सैल बसते, काही डब्यांत प्लास्टिकची पट्टी येते ती चिकटवली की झालं. वेग सेकंदाला ५०० एमबीच्या वर मिळतो, जुन्या डिस्कला १०० मिळाले तरी खूप. आईच्या कामात साटा आणि एनव्हीएमईचा फरक तसाही डोळ्याला दिसणार नाही.

रामबाग_इंदूर

खूपच मदत झाली. मागचं झाकण उघडून बघितलं, रॅमचे दोन स्लॉट आहेत, एक रिकामा. स्टिकरवर पीसी३एल-१२८००एस हेच आहे. आता एक विचारायचं राहिलं, एसएसडी २४० जीबीची घेतली तर जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं त्यावर उतरवता येईल का? त्यात आजोबांची कीर्तनं आहेत, कॅसेटवरून उतरवून घेतलेली, ती दुसरीकडे कुठेच नाहीत.

तिलकनगर_ताई

अहो मग थांबा, स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा आणि आधी ती कीर्तनं दुसरीकडे कॉपी करा. आजच करा. पेन ड्राइव्ह असो नाहीतर एक्सटर्नल डिस्क, आणि एक कॉपी गूगल ड्राइव्हवर टाका, १५ जीबी तर फुकट मिळतात, एमपीथ्री असतील तर एवढ्यात शेकडो तास मावतात. कॉपी झाल्यावर चार-सहा फाइली मधूनच लावून ऐका, नुसती नावं दिसली म्हणजे फाइल धड आहे असं नसतं.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून डिस्कची तब्येत बघा. निळं 'गुड' दिसलं तर बरं. पिवळं 'कॉशन' दिसलं तर खाली यादीत ०५ आणि सी५ या ओळी बघा. ०५ म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न येणारे, रांगेत उभे असलेले. सी५ शून्याच्या वर असेल तर त्या डिस्कवर अख्खं क्लोनिंग (सगळी डिस्क जशीच्या तशी उतरवणं) चालवू नका, मरायला टेकलेल्या डिस्कला तासन्‌तास वाचायला लावलं की ती मध्येच बसते. आधी फक्त महत्त्वाचं उचलायचं. इतकी संथ डिस्क म्हटल्यावर मला तर हीच शंका आधी येते, रॅमची नंतर.

क्लोनिंगचं म्हणाल तर क्लोनझिला हे त्याचं सॉफ्टवेअर ५०० वरून २४० वर सरळ करू देत नाही, नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते, नाहीतर आधी पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) लहान करत बसा. माझं ऐका, नव्यानेच विंडोज टाका. दहा वर्षांचा कचरा नव्या एसएसडीवर कशाला न्यायचा. लॅपटॉपबरोबर विंडोज ८ किंवा १० आलं असेल तर लायसन्सची की बोर्डातच असते, डिस्क बदलल्याने ती जात नाही, टाकताना आपोआप ओळखतं. जुनी डिस्क मात्र पुसू नका, यूएसबीच्या डब्यात घालून कपाटात ठेवून द्या.

ग्वाल्हेर_लष्कर

दोन स्लॉट आहेत तर जुन्या ४ च्या जोडीला तशीच दुसरी ४ जीबी टाका, १६०० ची, १.३५ व्होल्टची. दोन सारख्या असल्या की ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन्ही एकदम, चालतात, ग्राफिक्स रॅमच वापरत असल्याने व्हिडिओ कॉलला फायदा होतो. डीडीआर-थ्री-एल आता नवी घ्यायची तर शोधावी लागते, रिपेअरवाल्यांकडे काढलेली चांगली कंपनीची मिळते, फक्त बदलून देईन एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या. टाकल्यावर मेमटेस्ट (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) रात्रभर चालू ठेवा, एकसुद्धा लाल ओळ आली तर परत.

बसवताना बॅटरी काढायची, चार्जर काढायचा, मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो. हात एखाद्या धातूला लावून घ्या, उन्हाळ्यात कोरड्या हवेत तर नक्कीच. रॅम तिरकी आत सरकवायची, सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत, आणि मग खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्‌ करून लागल्या पाहिजेत. बहुतेकांची गडबड इथेच होते, एकच क्लिप लागते आणि रॅम दिसत नाही.

माळवा_टेक

अजून एक, ते विंडोज १०. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, घरच्या वापरासाठी वाढीव सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर लागतो, तुमचा त्यात बसत नाही. जुगाड करून टाकतात लोक, पण आईच्या रोजच्या वर्गासाठी मी ते करणार नाही. नव्याने टाकणारच आहात तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) पेन ड्राइव्हवरून आधी न टाकता चालवून बघा. झूम मिंटवर चालतं, पीडीएफ चालते, कॅमेरा आणि माइक तिथेच तपासून घ्या.

रामबाग_इंदूर

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळं आलंय ताई, सी५ च्या ओळीत शून्य नाही. कीर्तनं पेन ड्राइव्हवर घेतली, गूगल ड्राइव्हवर चढतायत. उद्या सिल्व्हर मॉलला जाऊन एसएसडी आणि ४ जीबीची पट्टी बघतो. मिंटवर आईला मराठी टाइप करता येईल ना? ती श्लोकांचे अर्थ स्वतः टाइप करून बायकांना पाठवते.

तिलकनगर_ताई

येईल. सेटिंगमध्ये कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी जोडा, इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड मांडणीची सवय असेल तर लगेच जमेल. पण तिच्या जुन्या फाइली कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर त्या युनिकोड (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरं) नाहीत, फॉन्ट नसला की अक्षरांच्या जागी भलतंच दिसतं. त्या आताच विंडोज चालू आहे तोवर कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या, एक-दोन पानं मूळ फाइलशी ताडून बघा, जोडाक्षरं आणि रफार तिथेच चुकतात. आणि ड्राइव्हवर अपलोड पूर्ण झालं की नाही ते बघितल्याशिवाय लॅपटॉप बंद करू नका.