'हेडलायनर'ला मराठीत काय म्हणाल? (आणि 'दिग्गज'ला जरा विश्रांती देता येईल का?)

माहीमकर

आमच्या घरात गेली काही वर्षं पावसाळ्यात एक खेळ चालतो. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पुढच्या हंगामात जो लोलापालूझा हा संगीत महोत्सव भरणार, त्यात जुन्याजाणत्या बँडांपैकी कोण येईल, ते प्रत्येकाने तीन चिठ्ठ्यांवर लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकायचं. बँड निदान पंचवीस वर्षं वाजवत असलेला हवा, एवढीच अट. नावं जाहीर झाली की डबा उघडतो, आणि हरलेले मिळून जिंकणाऱ्याला सुरमईचं जेवण घालतात.

यंदा भाचीने ठरवलं की चिठ्ठ्या पुरे, कपाटाच्या दारावर मोठा तक्ता लावायचा. आणि तो मराठीत, कारण आता आईही खेळते. तक्ता आखायला मी बसलो आणि पहिल्याच रकान्याच्या मथळ्यापाशी अडलो. 'हेडलायनर', म्हणजे ज्याच्या नावावर महोत्सव भरतो आणि जो शेवटी वाजवतो, त्याला काय लिहू? 'मुख्य कलाकार' लिहिलं तर आई म्हणाली, "म्हणजे बाकीचे दुय्यम का रे?" 'प्रमुख आकर्षण' लिहिलं तर सर्कशीची जाहिरात वाटली. 'बिनीचे कलाकार' मला आवडलं होतं, पण त्यातही काहीतरी खुपतंय आणि काय ते नीट सांगता येत नाही.

अडचणी एकूण तीन आहेत: हेडलायनर, व्हेटरन (जुनाजाणता) आणि गेस (अंदाज). तिसऱ्याला शब्द इतके आहेत की त्यांतला नेमका कुठला घ्यायचा तेच कळत नाही. मदत करा.

शब्दवेडी_ठाणे

दादा, 'बिनीचे' का खुपतं ते मी सांगते. बिनी म्हणजे फौजेची आघाडी. मुख्य सैन्याच्या पुढे जी तुकडी चालायची ती बिनी, आणि तिचा सरदार तो बिनीवाला. पेशवाईतल्या विसाजी कृष्ण बिनीवाल्यांचं आडनाव त्यातूनच आलं. म्हणजे बिनीचा माणूस सगळ्यांत आधी मैदानात उतरतो, आणि तुमचा हेडलायनर उतरतो सगळ्यांत शेवटी! दुपारी तीनच्या उन्हात जो नवा बँड मोकळ्या मैदानापुढे वाजवतो, खरा बिनीचा तोच. 'अग्रणी', 'आघाडीचे', 'शीर्षस्थ' या सगळ्यांचीही हीच गत आहे. इंग्रजीतला हेडलायनर कागदावर वरच्या ओळीत असतो म्हणून 'हेड'. आपण त्या कागदाच्या मागे जाऊन शब्द शोधतोय, मंचाकडे बघतच नाही.

परळ_पखवाज

ताई, अगदी बरोबर. मी तीसेक वर्षं डबलबारी भजनाला पखवाजाची साथ केली. आमच्या फलकावर दोन्ही बुवांची नावं एकाच मापाच्या अक्षरांत लागतात. एकाचं अक्षर बोटभर जरी मोठं झालं तरी मंडळाच्या कार्यकर्त्यांना रात्री फोन येतो. मोठेपणा अक्षरात नाही, बारीत असतो. पहिली बारी करणारा बुवा आपलं सगळं मांडून बसतो, दुसरी बारी करणाऱ्याला त्याला उत्तर द्यायचं असतं. लोक दुसऱ्या बारीसाठी थांबतात. तमाशातही तेच बघा. गण, गवळण, बतावणी होते आणि मग वग. ज्याच्यासाठी गाव जागं राहिलेलं असतं ते मागे ठेवायचं. आपल्याकडे मोठा माणूस उशिरा येतो, ही रीत रॉकवाल्यांकडून शिकावी लागलेली नाही.

म्हणून माझं मत: 'शेवटची बारी'. तक्त्यावर लिहा, "शेवटची बारी कोणाची?"

माहीमकर

वा. 'शेवटची बारी' आईला लगेच पटलं. भाची मात्र म्हणते, "मामा, याला कार्यक्रमाचं नाव म्हणता येईल, माणसाला काय म्हणायचं?" तिचा मुद्दा खरा आहे.

मालाड१९९९

बखरीतला 'खासा' घ्या की. खासा म्हणजे स्वतः धनी, मुख्य असामी. आधी हुजरे, भालदार, फौजफाटा, आणि मग खाशांची स्वारी. अरबीतल्या 'खास'चं हे रूप मराठीत नाम होऊन राज्य करून गेलं. "यंदाचे खासे कोण?" किती छान वाटतं.

शब्दवेडी_ठाणे

वाटतं खरं छान, पण आज 'खासा' ऐकून कोणाला असामी आठवत नाही. "खाशी जिरली" एवढंच उरलंय. मेलेला शब्द उठवायचा तर तो रोजच्या तोंडात बसायला हवा. कपाटाच्या दारावर आजीने वाचला आणि नातीने विचारलं की सांगावं लागणार.

माझ्या मनात दुसरं आहे. सवाई गंधर्व महोत्सव पुण्यात १९५३ साली भीमसेनजींनी सुरू केला. गुरूंच्या नावाने भरवलेल्या त्या महोत्सवात शेवटी गायचं ते त्यांनीच. पुढे तो मान प्रभाताई अत्र्यांकडे आला. त्याला आपण सगळे काय म्हणायचो? "महोत्सवाची सांगता प्रभाताईंच्या गाण्याने." हा 'सांगता' शब्द फार चांगला आहे. शेवट, समाप्ती, इति यांच्या रांगेत आपण त्याला बसवतो, पण तो त्या जातीचा नाही. स + अंग = सांग, म्हणजे सगळ्या अंगांसह. 'यथासांग पूजा' मधलं सांग ते हेच. त्याचं भाववाचक रूप सांगता, म्हणजे पूर्णत्व. जो सांगता करतो तो कार्यक्रम संपवत नाही, पुरा करतो. त्याच्यावाचून ते अंग राहून गेलं असतं.

आणि मान ज्याच्याकडे आहे तो मानकरी. पालखीचा असतो, होळीचा असतो, जत्रेतल्या पहिल्या नारळाचा असतो. 'सांगतेचे मानकरी'.

परळ_पखवाज

माझी बारी मी मागे घेतो. हाच शब्द.

रंगभवन८०

मी वयाने तुमच्या सगळ्यांपेक्षा मोठा असेन, म्हणून जरा लांबण लावतो.

मार्च १९८० मध्ये धोबीतलावच्या रंगभवनात 'द पोलीस' हा बँड आला होता. मी तेव्हा झेवियर्स कॉलेजमध्ये, भिंतीपलीकडेच. उघड्यावरचं ते नाट्यगृह, जिथे १९७८ला जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला. पुढे आजूबाजूच्या रुग्णालयामुळे आणि कॉलेजमुळे शांतता क्षेत्र झालं आणि तिथलं संगीत थांबलं. तो बँड तेव्हा नवाच होता, आम्हाला दोन-तीन गाणी माहीत होती, तीही कोणाच्या तरी बहिणीने परदेशातून आणलेल्या तबकडीवरून. त्यातला गाणारा पोरगा अठ्ठावीस वर्षांचा. स्टिंग.

जानेवारी २०२४ मध्ये लोलापालूझाच्या दुसऱ्या दिवशी शेवटी तोच उभा राहिला. बहात्तर वर्षांचा. मी मुलीबरोबर गेलो होतो, रेसकोर्सच्या कुंपणाला टेकून उभा होतो. चव्वेचाळीस वर्षं. ज्याला आम्ही बिनीवर पाहिलं होतं तो सांगतेला आला होता. ताईंनी शब्द फोडून दाखवला तेव्हा मला ती रात्रच आठवली, म्हणून लिहिलं.

आता 'व्हेटरन'बद्दल. कृपा करून 'दिग्गज' लिहू नका. दिशा धरून ठेवणारे हत्ती आठच आहेत: ऐरावत, पुंडरीक, वामन, कुमुद, अंजन, पुष्पदंत, सार्वभौम, सुप्रतीक. वर्तमानपत्रात रोज त्याहून जास्त दिग्गज छापून येतात. दोन हिट गाणी झाली की दिग्गज. शब्दाची पार चाळण झाली आहे. 'ज्येष्ठ' म्हटलं की रेल्वेची सवलत डोळ्यांपुढे येते. वय सांगतो तो शब्द, कस सांगत नाही.

मालाड१९९९

काका, तो अनुभव वाचून अंगावर काटा आला. 'मुरब्बी' कसा वाटतो?

रंगभवन८०

उत्तम. त्याची गोष्टही सांगतो. अरबी 'मुरब्बी' म्हणजे वाढवणारा, पालनपोषण करणारा. जुन्या मराठीत त्याचा अर्थ आश्रयदाता असाच होता. गिरगावात आमच्या शेजारी गुजराती कुटुंब होतं, त्यांच्याकडची पत्रं अजून 'मुरब्बी श्री' अशीच सुरू होतात, वडीलधाऱ्यांना. मराठीत मात्र तो शब्द आश्रयदात्यावरून सरकत अनुभवी, कसलेला, धोरणी माणसावर आला. लोकांना वाटतं 'मुरणे'वरून आला. तसं नाही. पण गंमत अशी की ज्याला आपण मुरंबा म्हणतो तो 'मुरब्बा'ही त्याच अरबी धातूचा. मुरब्बी म्हणजे सांभाळणारा, मुरब्बा म्हणजे सांभाळून ठेवलेलं. बरणी आणि बुवा एका घरातले निघाले!

वांद्र्याच्या महबूब स्टुडिओत २०११ला पहिला महिंद्रा ब्लूज महोत्सव झाला तेव्हा अमेरिकेचा गिटारवादक बडी गाय आला होता. जन्म १९३६चा. पंच्याहत्तरीला टेकलेला माणूस गिटार वाजवत वाजवत लोकांत उतरतो, त्याला 'ज्येष्ठ' म्हणून कसं चालेल? तो मुरब्बी. दोन्ही अर्थांनी, कारण त्याच्या मागून आलेली गिटारवाल्यांची पिढीच त्याने पोसली आहे.

माहीमकर

'मुरब्बी' घेतला. भाचीनेही मान डोलावली, तिला मुरंब्याची गोष्ट फार आवडली.

आता 'गेस'. आमच्या डब्यातले अंदाज सगळे एका प्रकारचे नसतात. आई स्वप्नात आल्यासारखं नाव सांगते. भाचा बँडांच्या दौऱ्यांच्या तारखा तपासतो. मी गेल्या वर्षांवरून ठरवतो. सगळ्यांना एकच शब्द लावायचा का?

शब्दवेडी_ठाणे

मुळीच नाही! मराठीने यासाठी वेगवेगळे शब्द ठेवलेत, ते वापरा.

भाचा करतो ते अनुमान. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे आग आहे म्हणायचं, हे न्यायशास्त्रातलं जुनं उदाहरण. बँड महिनाभर आशियात फिरतोय आणि मधले चार दिवस मोकळे आहेत, तर तो धूर.

तुम्ही करता तो कयास. अरबी 'कियास' म्हणजे साम्यावरून ठरवणं. २०२३ला इमॅजिन ड्रॅगन्स आणि द स्ट्रोक्स, २०२४ला स्टिंग आणि जोनास ब्रदर्स, २०२५ला ग्रीन डे आणि शॉन मेंडिस. यावरून दर वर्षी एक गिटारवाला आणि एक तरुणांचा लाडका, असं ताडलंत तर तो कयास.

आई सांगतात तो होरा. मूळ ग्रीक 'होरा', म्हणजे तास, वेळ. ज्योतिषाबरोबर संस्कृतात आला आणि मराठीत भाकितापर्यंत पोचला. होऱ्याला पुरावा मागायचा नसतो.

आणि नुसतंच हवेत सोडलेलं असेल तर अटकळ. तिच्यातही अगदी बेताल असेल तर आमची आजी म्हणायची, "अटकळपंचे दाहोदरसे". दाहोदरसे म्हणजे पाढ्यातले एकशे दहा. पाढा न येणाऱ्याने आकडा ठोकून द्यावा तसं.

परळ_पखवाज

आमच्या कोकणात याहून सोपं. देवाला कौल लावायचा. उजवं फूल पडलं तर येणार.

मालाड१९९९

एक राहिलं. बँड जुना, पण त्यातली माणसं बदललेली, याचं काय? खेळाच्या नियमात हे हवंच. १७ मे २०२५ला याच रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस आले, तेव्हा ॲक्सल, स्लॅश आणि डफ होते, पण सुरुवातीचे सगळे नव्हते. भाचीच्या तक्त्यात तो 'ओरिजिनल लाइनअप' धरायचा का?

माहीमकर

हा शब्द तर शिवाजी मंदिरच्या दारात उभा आहे! नाटकाची जाहिरात: 'मूळ संचात'. जुनं नाटक पुन्हा आलं की माणसं आधी तेवढंच बघतात, मूळ संच की नवा संच. गन्स अँड रोझेसला आम्ही अर्धा गुण देतो. 'लाइनअप'ला यादी, नामावली, ताफा असं बरंच सुचलं होतं, पण 'संच'मध्ये माणसं एकमेकांना घट्ट बांधलेली वाटतात.

तक्ता तयार झाला. वरचा मथळा 'सांगतेचे मुरब्बी मानकरी'. खाली चार रकाने: अनुमान, कयास, होरा, अटकळ. प्रत्येकाने आपलं नाव योग्य रकान्यात लिहायचं, म्हणजे बरोबर आलं तर कशाच्या जोरावर आलं तेही कळेल. भाच्याने अनुमानात मेटालिका लिहिलंय. त्यांचं भारतातलं वादन ३० ऑक्टोबर २०११ला बंगळुरूला झालं, मुंबई राहिलीच, असं त्याचं म्हणणं. माझ्या कयासात पर्ल जॅम. भाचीने अटकळीत द क्युअर लिहून पुढे स्वतःच 'दाहोदरसे' जोडलंय.

रंगभवन८०

आणि आईंचा होरा?

माहीमकर

आईने यू टू लिहिलंय. १५ डिसेंबर २०१९ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ते येऊन गेले, हे भाच्याने तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग? आषाढीला पांडुरंगाला भेटून आलं म्हणून कार्तिकीला जात नाहीत का?"