चर्चा: धातूचा उत्प्रेरक जिवंत शरीरात ठेवावा का?

रेणुवेध:
केमोथेरपीचं औषध शिरेतून जातं आणि अंगभर फिरतं. ५-फ्लुरोयुरॅसिल गाठ मारतं, पण तोंडाची आतली कातडी, आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा यांनाही सोडत नाही. मग औषध गाठीपाशीच तयार का करू नये?

२०१४ मध्ये एडिनबराच्या संशोधकांनी नेमकं हेच करून पाहिलं. या औषधाच्या एका नायट्रोजनवर प्रोपार्जिल हा छोटा गट बसवला की औषध निष्क्रिय होतं. पॅलेडियम हा धातू उत्प्रेरक म्हणून तो गट काढून टाकतो. पॅलेडियमचे नॅनोकण बसवलेले पॉलिमरचे मणी आणि हे झाकलेलं औषध एकत्र दिलं, तेव्हा ताटलीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी मेल्या. नुसते मणी दिले किंवा नुसतं झाकलेलं औषध दिलं, तर पेशी वाढत राहिल्या. माझ्या मते या वाटेवर आज लागतो आहे त्याहून कितीतरी जास्त पैसा आणि वेळ लागायला हवा.

पेशीपक्ष:
असहमत. ताटलीतली पेशी आणि माणसाचं शरीर यांत फार अंतर आहे. पेशीच्या आत ग्लुटाथायोन हा गंधक असलेला छोटा रेणू भरपूर, १ ते १० मिलिमोलर असतो. त्यातलं गंधक धातूला चिकटतं आणि उत्प्रेरक निकामी होतो. फ्लास्कमध्ये अभिक्रियेच्या हजारो फेऱ्या मारणारा कण पेशीत मोजक्या फेऱ्यांत थकतो.

तांब्याचं काय झालं तेही आठवा. २००२ ची क्लिक अभिक्रिया, म्हणजे तांब्याच्या मदतीने दोन रेणू चटकन जोडण्याची पद्धत, सुंदर होती, पण तांब्यामुळे ऑक्सिजनचे घातक मूलक तयार होतात आणि पेशी मरतात. म्हणून रसायनशास्त्रज्ञ कॅरोलिन बर्टोझी यांनी २००४ मध्ये अणूंचं ताणलेलं, म्हणून आपणहून अभिक्रिया करणारं कडं वापरून तांबंच काढून टाकलं. २०२२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांच्या या कामाचा वाटा आहे. पुढे माणसावर पहिली क्लिक चाचणी २०२० मध्ये सुरू झाली, तीही धातूशिवायच. मग धातूचा हट्ट कशाला?

रेणुवेध:
कारण धातूशिवायच्या पद्धतीत एक रेणू एकदाच कामाला येतो. त्या चाचणीत झाकलेलं औषध पकडून मोकळं करणारा पदार्थ, म्हणजे एक सापळा, गाठीत टोचतात. जेवढा सापळा टोचाल, तेवढंच औषध मोकळं होणार. उत्प्रेरक मात्र जागेवर राहतो आणि पुढच्या डोसलाही कामाला येतो. हा फरक मला फार मोठा वाटतो.

ग्लुटाथायोनचा मुद्दा खरा, पण तो पेशीच्या आतला. एडिनबराचे मणी पेशीबाहेर होते आणि तिथे ग्लुटाथायोन फारच कमी असतं. स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्ये थॉमस वॉर्ड यांच्या गटाने २०१६ मध्ये रुथेनियम हा धातू एका प्रथिनाच्या खोबणीत बसवला आणि ई. कोलाय या जिवाणूच्या दोन पटलांमधल्या जागेत अभिक्रिया घडवली. ती जागा निवडली, कारण तिथे ग्लुटाथायोन कमी असतं. अडथळा ओळखून आखणी करता येते.

तिसरीबाजू:
धातू शरीरात नकोच म्हणणाऱ्यांना एकच विचारते. सिस्प्लॅटिन या प्लॅटिनम असलेल्या कर्करोगाच्या औषधाला अमेरिकेत १९७८ मध्ये मान्यता मिळाली. वृषणाच्या कर्करोगातून किती तरुण त्यामुळे वाचले! तो धातूच ना?

पेशीपक्ष:
हो, आणि त्याची किंमतही ठाऊक आहे: मूत्रपिंडाला इजा, ऐकू कमी येणं. उपचार संपून अनेक वर्षं झाली तरी रुग्णांच्या रक्तात प्लॅटिनम सापडतं. माझी भीती हीच आहे. इंजेक्शनच्या औषधात अशुद्धी म्हणून पॅलेडियमची आंतरराष्ट्रीय मर्यादा दिवसाला १० मायक्रोग्रॅम आहे, आणि इथे तर आपण ते मुद्दाम ठेवणार. ते झिरपून यकृतात साठलं तर काढणार कसं?

शिवाय कर्करोगाने बहुतेक रुग्ण दगावतात ते रोग पसरल्यामुळे. एका गाठीत ठेवलेला मणी फुप्फुसातल्या दुसऱ्या गाठीला काय करणार?

रेणुवेध:
पसरलेल्या रोगाला हा उपाय नाही, ते मान्य. मी बोलतोय शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या, एकाच जागी अडलेल्या गाठीबद्दल. तिथे डॉक्टर आजही किरणोत्सारी बिया रोवतात. मग मणी का नको?

झिरपण्याबद्दल मात्र तुमची मागणी रास्त आहे. प्राण्यांवरच्या अशा प्रत्येक प्रयोगात गाठ किती आक्रसली याच्या शेजारीच यकृत, मूत्रपिंड आणि प्लीहेत किती पॅलेडियम सापडलं, तो आकडा छापलाच पाहिजे, आणि तोही काही महिन्यांनंतरचा.

पेशीपक्ष:
तो आकडा कमी निघाला, तर मी विरोध सोडेन. तोवर नाही.